दृष्ट उपायाची बाजू

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेचा आरंभ ज्या शंकेने होतो, ती आपल्या तत्त्वविचारातील अत्यंत प्रामाणिक शंकांपैकी एक आहे असे मला नेहमी वाटत आले आहे. त्रिविध दुःखाचे आघात सोसणाऱ्या मनुष्याला त्या दुःखाच्या नाशाचा उपाय जाणून घेण्याची इच्छा होते, एवढे सांगून होते न होते तोच पूर्वपक्षाला बोलण्याची मुभा मिळते. आणि टीकाकारांनी विस्तारलेला तो पूर्वपक्ष म्हणतो की शरीराच्या व्याधीवर वैद्याचे औषध आहे, मनाच्या तळमळीवर रुचकर अन्न आणि वस्त्रालंकार आहेत, बाहेरच्या भयावर नीतिशास्त्र आणि भक्कम निवारा आहे. असे डोळ्यांना दिसणारे, हाताला लागणारे उपाय असताना अनेक जन्मांच्या परिश्रमांनी साधणाऱ्या विवेकज्ञानाच्या मागे लागावे कशाला? या प्रश्नाला मिळणारे उत्तर फार थोडक्यात आहे. दृष्ट उपाय ऐकान्तिक नाही आणि आत्यन्तिकही नाही. म्हणजे तो लागू पडेलच अशी खात्री नाही, आणि लागू पडला तरी गेलेले दुःख पुन्हा परतणार नाही अशी हमी नाही. एवढ्या निकालावर वैद्यकाचे प्रकरण त्या दर्शनाच्या दप्तरी बंद झाले.

ते पुन्हा उघडावे असे मला वाटते, आणि त्यासाठी एका वैद्याची कारकीर्द साक्षीला काढणे मला योग्य वाटते. रवींदर नाथ मैनी यांचा जन्म 1937 साली लुधियाना येथे झाला, बालपण पूर्व आफ्रिकेत युगांडात गेले, वैद्यकाचे शिक्षण केंब्रिजला झाले, आणि पुढील सारे आयुष्य लंडनमध्ये एकाच व्याधीच्या सहवासात गेले. ती व्याधी म्हणजे आपण ज्याला सामान्यतः आमवात म्हणतो तो, हाताच्या बोटांच्या लहान सांध्यांपासून सुरू होऊन मनगटे, कोपर, गुडघे आणि पावले यांचा क्रमाने ताबा घेणारा संधिवात. आठव्या शतकाच्या आसपास रचल्या गेलेल्या माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेथील वर्णन आणि आजच्या व्याधीचे लक्षण शब्दशः एकच आहे असा माझा दावा नाही, परंतु सांध्यांचे आखडणे, सूज, अरुचि आणि ज्वरासारखी ग्लानी यांचा जो समुदाय त्या ग्रंथकाराने एका नावाखाली गोळा केला, त्यावरून हे दुःख आपल्याकडे जुने आहे एवढे खचित म्हणता येते.

हे दुःख कसे असते हे ज्याने घरात पाहिले नसेल, त्याने सकाळच्या पहिल्या दोन घटकांची कल्पना करावी. रात्रभर स्वस्थ पडलेले सांधे पहाटे लाकडासारखे ताठलेले असतात. मूठ वळत नाही, म्हणून पांघरूण बाजूला सारता येत नाही. अंगठ्यात जोर नाही, म्हणून कडी निघत नाही. कणीक मळणे, ओले लुगडे पिळणे, दुधाचे पातेले चिमट्याने धरून उतरवणे ही ज्यांची कधी कामांत गणना होत नाही अशी कामे एकेक करून दुसऱ्याच्या हाती जातात, आणि ती करणारी स्त्री, कारण या व्याधीत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुपटी-तिपटीने अधिक असते, आपल्याच स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी बसून राहते. काही वर्षांनी बोटे करंगळीच्या बाजूला कलंडतात आणि तशीच राहतात. हा म्हातारपणी सांधे झिजल्याचा प्रकार नव्हे. ऐन तिशी-चाळिशीतील धडधाकट शरीरात, बाहेरून कोणीही आत शिरलेले दिसत नसताना, शरीराच्याच रक्षक पेशी सांध्याच्या नाजूक अस्तरात जमतात, ते अस्तर सुजवतात, कूर्चा कुरतडतात आणि शेवटी हाडात खड्डे पाडतात.

येथेच वैद्यकाला, त्याची इच्छा असो वा नसो, तत्त्वज्ञानाच्या अंगणात पाऊल टाकावे लागले. रोगप्रतिकाराचे शास्त्र विसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले, तेव्हा जर्मन शास्त्रज्ञ पाउल एअर्लिश यांनी असे प्रतिपादिले होते की शरीराला स्वतःवर शस्त्र उगारण्याची एक स्वाभाविक दहशत असते आणि म्हणून ते तसे करीत नाही. पुढे 1940 साली नॉर्वेच्या एरिक वालर यांना आणि 1948 साली अमेरिकेत हॅरी रोझ यांना या संधिवाताच्या रोग्यांच्या रक्तात एक विचित्र प्रतिपिंड सापडले, जे कोणत्याही जंतूवर न जाता शरीराच्या इतर प्रतिपिंडांनाच जाऊन चिकटते. पहारेकऱ्याने पहारेकऱ्याला धरावे असा हा प्रकार. याच सुमारास, 1949 मध्ये, मेलबर्नचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी सांगितले की प्रतिकारशास्त्राचा मध्यवर्ती प्रश्न शरीर परक्याला कसे ओळखते हा नसून आपल्याला कसे ओळखते हा आहे. आत्म आणि अनात्म यांचा भेद शरीर जन्मतः घेऊन येत नाही, तर वाढीच्या एका मुदतीत शिकते. सहिष्णुतेच्या या सिद्धांतासाठी त्यांना आणि पीटर मेडावर यांना 1960 चे नोबेल पारितोषिक मिळाले. शंकराचार्यांनी आपल्या ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रारंभी ज्या आत्म-अनात्म-विवेकाचा ऊहापोह केला, त्याच दोन पदांचा विवेक आता श्वेतपेशींकडे सोपवला गेला, आणि तो विवेक ढळला की व्याधी होते असे वैद्यक म्हणू लागले.

ही भाषा मोहक आहे, आणि मोहक आहे म्हणूनच तिच्यापासून सावध राहिले पाहिजे. शरीर आपलेच वैरी झाले असे वैद्याने म्हणताच श्रद्धाळू मनाला आत्माच आत्म्याचा रिपु होऊ शकतो हा गीतेतील विचार आठवतो, आणि तेथून रोग्याने काहीतरी केले असावे, निदान मनात काही कोंडले असावे, या निष्कर्षापर्यंत पोचावयास एकच पाऊल पुरते. शातातपस्मृतीसारख्या ग्रंथांतील कर्मविपाकाची प्रकरणे तर कोणत्या पापाला कोणता रोग याची यादीच देतात. माझा या यादीशी तीव्र विरोध आहे, आणि तो मी धर्मावरील श्रद्धा सोडून नव्हे, तर तीसह नोंदवतो. गीतेतील तो विचार संकल्पाविषयी आहे. ज्याने इंद्रिये जिंकली आणि ज्याने जिंकली नाहीत अशा कर्त्याविषयी तो बोलतो. सांध्याच्या अस्तरात जमलेल्या लसिकापेशीला संकल्प नाही, द्वेष नाही, पश्चात्तापाची सोय नाही. तिच्या कृतीचा जबाब त्या बाईकडून मागणे, जिला त्या पेशीचे अस्तित्वही ठाऊक नाही, हा न्यायाचा विपर्यास आहे. आणि वेदनेने पिचलेल्या माणसाच्या माथी वर अपराधाची जाणीव लादणे हे मला पाप वाटते, हा शब्द त्याच्या पुऱ्या अर्थाने वापरून.

मग कारण काय? चरकाने सूत्रस्थानात प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवचन यांच्या जोडीला युक्ति हे चौथे प्रमाण मानले आहे, आणि युक्ति म्हणजे अनेक कारणांच्या योगाने उत्पन्न होणाऱ्या भावांना पाहणारी बुद्धी, असे तिचे स्वरूप सांगितले आहे. वैद्याच्या अनुभवातून आलेले हे प्रमाण इतर दर्शनांनी फारसे उचलून धरले नाही. आमवाताच्या बाबतीत मात्र त्याची योग्यता पटते. या व्याधीचा कल काही कुळांत अधिक असतो, आणि तो ऊतींच्या ओळखखुणा ठरवणाऱ्या विशिष्ट जनुकांशी निगडित आहे; परंतु ती जनुके असणाऱ्या बहुसंख्य माणसांना व्याधी होत नाही. तंबाखूच्या धुराने धोका वाढतो. परंतु कधीही धूम्रपान न केलेल्या असंख्य स्त्रिया रोगी आहेत. स्वतःच्या प्रथिनांतील एका किरकोळ रासायनिक फेरफाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे व्याधी प्रकट होण्यापूर्वी कित्येक वर्षे रक्तात फिरत असलेली आढळतात, आणि त्या काळात माणूस ठणठणीत असतो. आदिकारण म्हणून बोट ठेवावे असे एकही स्थळ अद्याप सापडलेले नाही. इतकेच नव्हे, तर निरोगी म्हणवणाऱ्या प्रत्येक शरीरात आत्मघातकी पेशी थोड्याबहुत असतातच आणि दुसऱ्या पेशी त्यांना आवरून धरतात, असे जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 पासून दाखवून दिल्यावर आत्म आणि अनात्म यांच्यामधील बर्नेट यांची स्पष्ट रेषाही पुसट झाली.

मैनी यांच्या कारकिर्दीचे मर्म मला या ठिकाणी दिसते. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून ते श्वेतपेशी परस्परांना धाडीत असलेल्या संदेशवाही द्रव्यांचा अभ्यास करीत होते. पुढे या द्रव्यांना सायटोकाइन हे नाव रूढ झाले. लंडनच्या हॅमरस्मिथ भागात 1966 साली उघडलेल्या केनेडी संस्थेत आणि शेजारच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयात त्यांचा एक पाय प्रयोगशाळेत आणि एक रोग्याच्या खाटेशी असे. 1980 च्या दशकाच्या मध्यास त्यांची गाठ मार्क फेल्डमन यांच्याशी पडली. फेल्डमन यांचा जन्म युद्धाच्या धामधुमीत 1944 साली ल्वूव्ह शहरात झालेला, कुटुंब फ्रान्समार्गे ऑस्ट्रेलियात गेलेले, आणि संशोधनाची दीक्षा बर्नेट यांनी नावारूपास आणलेल्या मेलबर्नच्याच संस्थेत मिळालेली. एक पंजाबातून आफ्रिकामार्गे, दुसरा पोलंडमधून ऑस्ट्रेलियामार्गे, असे हे दोघे विस्थापित कुळांतले पुरुष लंडनच्या एका प्रयोगशाळेत एकत्र आले आणि त्यांनी प्रश्नच बदलला. व्याधी कोणी सुरू केली ही तहकीकात त्यांनी तूर्त बाजूस ठेवली. व्याधी आज, या घटकेला, या सांध्यात कशाच्या आधारावर चालू आहे, हा त्यांचा प्रश्न.

हा फरक शब्दांचा नव्हे. ज्या सांध्याचा पुरता नाश झाला म्हणून शस्त्रक्रियेने तो काढून टाकावा लागला, त्याचे सुजलेले अस्तर प्रयोगशाळेत आणले जाई, त्यातील पेशी सुट्या करून पोषक द्रवात काचेच्या बशीत ठेवल्या जात. आश्चर्य हे की शरीरापासून तुटलेल्या, बाहेरून कसलीही चिथावणी न मिळालेल्या त्या पेशी दिवसचे दिवस दाहाची द्रव्ये पाझरत राहत. म्हणजे ज्या कोणत्या आदिकारणाने हा दाह प्रथम पेटला असेल त्याची आता गरजच उरली नव्हती. दाह स्वतःच्या बळावर जगत होता. ही द्रव्ये एक-दोन नव्हती, डझनावारी होती, आणि त्यांतील बरीचशी एकमेकांचेच काम करीत. म्हणून एकाला अडवून उपयोग नाही, दुसरे त्याची जागा घेईल, असे त्या काळी बहुतेक जाणकारांचे मत होते. 1989 साली याच गटातील फिओन्युला ब्रेनन यांनी काही बशांत टीएनएफ नावाच्या एका द्रव्याला अडवणारे प्रतिपिंड घातले आणि काही बशा तशाच ठेवल्या. ज्या बशांत टीएनएफ अडला होता, तेथे इंटरल्यूकिन-1 हे दुसरे, कूर्चा खाणारे द्रव्यही ओसरले. सगळी द्रव्ये समान अधिकाराची नव्हती. त्यांच्यात वरिष्ठ-कनिष्ठ असा क्रम होता, आणि वरच्याला थांबवले की खालच्यांचा अंमल आपोआप ढिला पडत होता.

नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, म्हणजे एक असता दुसरे असणे आणि एक नसता दुसरे नसणे, त्याचे इतके निर्मळ उदाहरण मला दुसरे सुचत नाही. तरीही बशी म्हणजे मनुष्य नव्हे. उंदरांवर प्रयोग झाले. मानवी टीएनएफचे जनुक अंगी असलेल्या उंदरांना आपोआप संधिवात होतो हे ग्रीसचे जॉर्ज कोलियास यांनी 1991 मध्ये दाखवले. आणि 1992 च्या उन्हाळ्याच्या सुमारास चेअरिंग क्रॉस रुग्णालयात, इतर औषधांनी गुण न आलेल्या रोग्यांना टीएनएफला अडवणारे प्रतिपिंड शिरेवाटे देण्यास प्रारंभ झाला. ते औषध मुळात निराळ्याच, रक्तदूषणाच्या प्राणघातक विकारासाठी तयार झाले होते, आणि तेथे त्याचा उपयोग झाला नव्हता. पहिल्या तुकडीत 20 रोगी होते. सुजलेल्या सांध्यांची त्यांची मध्यमसंख्या आरंभी 18 होती. सहाव्या आठवड्यात ती 5 वर आली.

परंतु वैद्यालाही आशेने भूल पडते आणि रोग्यालाही, हे जाणून पुढची परीक्षा अधिक कठोर केली गेली. लंडन, लायडन, व्हिएन्ना आणि एर्लांगेन या चार नगरांत मिळून 73 रोगी निवडले गेले. काहींना औषधाची मोठी मात्रा, काहींना लहान, आणि 24 जणांना औषधच नसलेला द्रव देण्यात आला. कोणाला काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. या पद्धतीविषयी धार्मिक मनात हरकत उद्भवते हे मी समजू शकतो. वेदनेने व्याकूळ माणसाच्या शिरेत, त्याची संमती घेऊन का होईना, निरुपयोगी द्रव सोडणे करुणेशी कसे जुळावे? मी या हरकतीचा पुष्कळ विचार केला आहे, आणि माझे मत असे झाले आहे की येथे करुणा आपल्याच आवेशाला लगाम घालते. आपल्याला बरे वाटावे म्हणून नव्हे, तर रोग्याला खरोखर बरे वाटते की नाही हे कळावे म्हणून वैद्याने स्वतःला अज्ञानात ठेवून घेतले. अपरिग्रहाचा हा एक प्रकार आहे. यात निष्कर्षावरील मालकी सोडावी लागते. चौथ्या आठवड्याचा निकाल 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधरहित द्रव मिळालेल्या 24 पैकी 2 जणांना गुण आला, म्हणजे शेकडा 8. लहान मात्रा घेतलेल्यांत शेकडा 44. मोठ्या मात्रेत 24 पैकी 19 जणांना, म्हणजे शेकडा 79.

आता सांख्यांचा पहिला आक्षेप पुन्हा वाचावा. दृष्ट उपाय ऐकान्तिक नाही हे खरेच आहे. 79 म्हणजे 100 नव्हे, आणि उरलेल्या पाच जणांची सकाळ पूर्वीसारखीच लाकडी राहिली. परंतु जे निश्चित नाही ते सर्व एकाच पंक्तीला बसवण्यात त्या आक्षेपाची चूक आहे. 8 आणि 79 या दोन अनिश्चिततांच्या मध्ये एका स्त्रीचे सारे हातपाय मावतात. अनिश्चित म्हणून उपाय टाकून देणे सोपे होते. अनिश्चितता किती, हे मोजण्याची तपश्चर्या कठीण होती, आणि ती ज्यांनी केली त्यांना मी निव्वळ व्यवहारवादी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पहिल्या तुकडीतील रोग्यांचा गुण टिकला नाही. काही आठवड्यांनी सांधे पुन्हा सुजू लागले. त्यांतील आठ जणांना औषध पुन्हा दिले, पुन्हा गुण आला, पुन्हा ओसरला. आत्यन्तिकतेच्या कसोटीवर हे सरळसरळ अपयश होय. तथापि मैनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परतण्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले: औषध आहे तोवर दाह नाही, औषध नाही की दाह आहे, यावरून टीएनएफ खरोखरच व्याधीचा आधारस्तंभ आहे हे दर आवर्तनाला सिद्ध होत गेले. जे दर्शनकाराला उपायाचे वैगुण्य वाटते, तेच संशोधकाला ज्ञानाचे साधन झाले. पुढे हे औषध मेथोट्रेक्सेट या दुसऱ्या औषधाच्या जोडीने नियमाने दिल्यास पुष्कळ रोग्यांत हाडांची झीजही थांबते असे क्ष-किरणचित्रांवरून दिसून आले. आणि येथे मला सांख्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. जी दहा वर्षे एखाद्या बाईने आपली कणीक आपण मळली, ती दहा वर्षे अकराव्या वर्षीच्या वेदनेने मिथ्या ठरतात काय? दुःखाचा अभाव काळाने मर्यादित आहे म्हणून त्याचे मोल शून्य, हे समीकरण मला कधीच पटलेले नाही. जन्ममरणाच्या फेऱ्यावर दृष्टी खिळलेल्या माणसाला ते पटत असेल. परंतु त्याने ते स्वतःच्या वेदनेपुरते वापरावे, दुसऱ्याच्या वेदनेचा फैसला त्यावर करू नये.

आदिकारणाचे ज्ञान झाल्यावाचून दुःखाला हात घालता येत नाही, हा आग्रहही या व्याधीच्या इतिहासात टिकत नाही. 1929 साली फ्रान्समध्ये झाक फोरेस्तिए यांनी या रोग्यांना सुवर्णाचे क्षार देण्यास सुरुवात केली ती हा संधिवात क्षयासारखाच असावा या समजुतीने. समजूत चुकीची ठरली, पण सुवर्णाने अनेकांना आराम पडला आणि ते अर्धशतकाहून अधिक काळ वापरात राहिले. मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांना कावीळ झालेल्या आणि गर्भार असलेल्या रोग्यांचे सांधे तात्पुरते निवळतात एवढेच दिसले होते. त्या एका निरीक्षणाचा धागा जवळजवळ वीस वर्षे न सोडता ते 1948 मध्ये कॉर्टिसोनपर्यंत पोचले, 1950 मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले, आणि त्याच औषधाच्या दीर्घ सेवनाने हाडे पोकळ होतात, देहावर सूज येते, हेही थोड्याच अवधीत उघड झाले. दुःखाची साखळी पहिल्या कडीशीच तुटते असे नाही. मधल्या कडीवरही घाव बसतो. मात्र मधली कडी तोडणाऱ्याने आपण पहिल्या कडीपर्यंत पोचलो असे कधी म्हणू नये, आणि मैनी यांनी तसे म्हटले नाही. व्याधी आवरली जाते, उपटली जात नाही.

या संशोधनाचा जो भाग मला धर्मविचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा वाटतो, तो त्याच्या यशात नसून एका संकटात आहे. टीएनएफला अडवणारे औषध 1998-99 मध्ये बाजारात आले आणि दोन वर्षांतच, 2001 साली, ते घेतलेल्या रोग्यांपैकी 70 जणांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. बऱ्याच जणांत तो फुप्फुसांच्या बाहेर पसरलेला होता. तपासाअंती दिसले ते असे की क्षयाचे जंतू शरीरात शिरल्यावर पुष्कळदा मरत नाहीत. रक्षक पेशी त्यांच्याभोवती वेढा घालून त्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात, आणि तो वेढा टिकवून धरणारे एक प्रमुख द्रव्य म्हणजे टीएनएफच. सांध्यात जो जाळत होता तोच फुप्फुसात राखण करीत होता. सांध्यासाठी त्याला हटवले आणि कोंडलेला शत्रू मोकळा झाला. आजही हे औषध सुरू करण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करण्याचा शिरस्ता आहे, आणि ज्या देशात असा सुप्त क्षय कोट्यवधी लोकांच्या अंगी आहे त्या आपल्या देशात तर तो डोळ्यांत तेल घालून पाळावा लागतो.

देव आणि असुर अशी विभागणी करून विश्वाकडे पाहण्याची मानवी बुद्धीला जुनी खोड आहे, आणि व्याधीच्या बाबतीत तर ती फार लवकर उफाळून येते. एक खलनायक दाखवा, आम्ही त्याचा वध करतो. टीएनएफचा खलनायक झाला होता. क्षयाच्या त्या नोंदीने शिकवले की शरीरात खल असे द्रव्य नाही. एकच द्रव्य एका स्थळी, एका प्रमाणात, एका काळी रक्षण करते आणि दुसऱ्या स्थळी, दुसऱ्या प्रमाणात नाश करते. त्याला पुण्यवान वा पापी म्हणणे निरर्थक आहे, आणि म्हणून ज्या शरीरात ते आहे त्या शरीराच्या धन्यालाही पापी म्हणणे निरर्थक आहे. कर्मविपाकाच्या यादीचे खंडन मी वर न्यायाच्या आधारे केले होते. हे खंडन वस्तुस्थितीचे आहे, आणि ते मला अधिक बळकट वाटते. समतोल हा धर्म आणि समतोलाचा भंग ही व्याधी, हे आयुर्वेदाचे जुने म्हणणे येथे आपल्या बाजूने उभे करण्याचा मोह होतो, पण मी तो आवरतो; कारण त्या म्हणण्यात आणि टीएनएफच्या मोजलेल्या मात्रेत शतकांचे कष्ट आहेत, आणि पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे सांगून त्या कष्टांचे श्रेय बळकावणे पूर्वजांच्याही गौरवाचे नाही.

मैनी आणि फेल्डमन यांना 2000 साली स्वीडनचे क्राफूर्ड पारितोषिक आणि 2003 साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले. मैनी यांना त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सर ही पदवी मिळाली. केनेडी संस्था 2011 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात सामील झाली. हे सर्व यथास्थित झाले. परंतु दृष्ट उपाय सापडल्याने एक अशी गोष्ट घडली आहे जिची चर्चा पारितोषिकांच्या भाषणांत सहसा होत नाही, आणि जी धर्मविचाराने आपल्या हाती घेतली पाहिजे. 1992 पूर्वी आमवाताच्या बाबतीत अपराध कोणाचा, या प्रश्नाला कोणीच नाही हे प्रामाणिक उत्तर होते. उपाय हाती आल्यावर ते उत्तर पुरेसे राहिले नाही. जे दुःख टळू शकते आणि टळत नाही, त्याची जबाबदारी रोग्याच्या मागील जन्मांत शोधण्याचे कारण नसून ती या जन्मीच्या किमतींत, रस्त्यांत, दवाखान्यांच्या अंतरांत आणि आपल्या उदासीनतेत शोधता येते.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 पासून घरोघर जाऊन सांधेदुखीची जी पाहणी केली, ती या संदर्भात फार महत्त्वाची आहे. सुमारे 4000 प्रौढ माणसांची विचारपूस आणि तपासणी झाली, आणि दर 200 प्रौढांमागे साधारण एकाला हा संधिवात असल्याचे आढळले. उसाच्या आणि ज्वारीच्या शेतांत हातांवर पोट असलेल्या वस्तीत 200 त एक हे प्रमाण थोडे नव्हे. टीएनएफला अडवणारे मूळ औषध जेव्हा निघाले तेव्हा त्याचा वर्षाचा खर्च अशा घराच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या कित्येक पट होता. 2014 च्या अखेरीस अहमदाबादच्या एका कंपनीने अशाच एका प्रतिपिंडाची समरूप आवृत्ती जगात प्रथम आपल्या देशात आणली आणि किंमत पुष्कळ खाली आली. तरीही ती शेतमजुराच्या आवाक्यात आली असे म्हणवत नाही. मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी मात्र स्वस्त आहे, व्याधीच्या पहिल्या काही महिन्यांत वेळेवर सुरू झाली आणि रक्ताच्या तपासण्या नियमाने झाल्या तर अनेकांची बोटे ती सरळ राखते. आणि हीच गोळी गावातल्या बाईपर्यंत उशिरा पोचते, कारण तिची दुखणारी मूठ घरात, देवळात आणि पुष्कळदा दवाखान्यातही बाईमाणसाची नेहमीची कुरकुर म्हणून ऐकली जाते. तिच्यासाठी ऐकान्तिक आणि आत्यन्तिक उपायाचा विचार ज्यांना करावयाचा असेल त्यांनी अवश्य करावा. पण आधी तिला कोणीतरी इंदापूर किंवा बारामतीपर्यंत घेऊन जावयास पाहिजे, आणि पहिल्याच वर्षी.